कानातला फाया

रायपूर राजधानी झालं आणि तेलीबांध्याकडे काचेची दुकानं उगवली. तशाच एका दुकानातून मी लॅव्हेंडरच्या तेलाची बाटली आणली, कारण बाबांची झोप पार उडाली होती. रेल्वेत नोकरी केलेला, गुढियारीत मालगाड्यांच्या खडखडाटात जन्मभर घोरलेला माणूस. पण फुप्फुसं खराब झाली आणि डोळा लागला की श्वास थांबेल, या भीतीनं तो बसून राहायला लागला. दुकानातली पोरगी म्हणाली, "दीदी, तकिए पे दो बूँद, बस." डॉक्टरांनी हात टेकलेच होते. म्हटलं, हेही करून पाहू.

उशीवर टाकू लागले तर आई कुरकुरली, खोळीला डाग पडतील. मग मला आमची घरची रीत आठवली. लग्नाकार्यात बाबा कानात अत्तराचा फाया खोचायचे. तसाच कापूस तेलात भिजवून मी दुपारी त्यांच्या कानात खोचला. हळूहळू त्यांची मान कलली. मला इतका आनंद झाला की मी स्वयंपाकघरात जाऊन आईला मिठीच मारली.

थोड्या वेळानं त्यांचा हात कानाकडे गेला, कापूस बोटांना लागला आणि ते ओरडतच उठले.

"मी जित्ता हाओ अजून! मले आतापासूनच काहून तयार करून राहिले?"

माणूस गेला की आमच्याकडे त्याच्या नाकाकानात असाच अत्तराचा कापूस घालतात. मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

आईनं तो फाया केरात टाकला. तेलाचे दोन थेंब स्वतःच्या पदराला लावले, पलंगावर बसली आणि पदराचं टोक त्यांच्या मुठीत दिलं. "तुमचा श्वास मी पाहून राहिली. तुमी झोपा."

ते झोपले. मग रोज दुपारी हेच चालायचं. राजधानीच्या मॅडम अत्तर लावून बसल्या, असं मी आईला चिडवायचे.

उन्हाळ्यातल्या एका दुपारी तिनं मला हाक मारली. पदर बाबांच्या मुठीतच होता. "पाह्य बरं पोरी, झोपलेच हायेत ना?"

ते गेले होते. आणि ती त्यांच्या छातीवरून नजर काढत नव्हती.

पाऱ्यातली, म्हणजे मोहल्ल्यातली, माणसं जमली. कुणीतरी कापूस मागितला, अत्तर मागितलं. अत्तर घरात नव्हतं, म्हणून एका बाईनं कोनाड्यातली ती बाटली उचलली. आईनं ती हिसकावून घेतली.

"हे नाही. हे झोपेचं हाये."

बाबांच्या कानात कोरडाच कापूस गेला.