तीनची कॅप चारला

लष्कराच्या वर्कशॉपात चोवीस वर्षं काढून मास्तर निवृत्त झाले आणि घरामागच्या शेडमध्ये लष्करी ट्रकांचीच जुनी डिझेल इंजिनं बांधू लागले. लोक त्यांना ठिपकेमास्तर म्हणत. इंजिन उघडलं की हातोडी-पंच घेऊन आधी बेअरिंगच्या कॅपांवर ठिपके मारायचे, पहिलीला एक, दुसरीला दोन. क्रँकशाफ्टला धरून ठेवणाऱ्या या लोखंडी कॅपा दिसायला जुळ्या बहिणी, पण प्रत्येकीचं घर ठरलेलं. अदलाबदल झाली की संसार मोडलाच म्हणून समजा.

अकरा वर्षांपूर्वी शेडमध्ये हाताखाली असलेल्या धाकट्या भावाने तीनची कॅप चारला बसवली. क्रँक गेला. मास्तरांनी गिऱ्हाइकासमोर त्याला सुनावलं, "ठिपके मोजता येत नाहीत? पुन्हा या शेडची पायरी चढू नकोस." भाऊही तसाच हट्टी. खाली मान घालून गेला तो गेलाच. दुसऱ्या गावात त्याने स्वतःचं गॅरेज टाकलं. मास्तरांना त्याची आठवण रोज यायची, पण आपलंच खरं म्हणणाऱ्या माणसाला फोन जड होतो.

परवा लष्कराच्या लिलावातला एक ट्रक आला. मालकाला इंजिन नव्याने बांधून वर टर्बो हवा होता. मास्तरांनी इंजिनाखालचा तेलाचा चेंबर काढला आणि ते थबकले. चार नंबरच्या जागी तीन ठिपके. बेअरिंग एका बाजूने खाल्लेलं, क्रँकवर चरे. ठिपक्यांशेजारी अर्धचंद्राची खूण. वर्कशॉपात प्रत्येक फिटरची खूण वेगळी असे. अर्धचंद्र त्यांचा होता, आणि त्यानंतर दुसऱ्या कुणाची खूण नव्हती; म्हणजे शेवटचा हात त्यांचाच.

शेडमध्ये दुसरं कुणी नव्हतं. कॅपा धुवायच्या, नीट लावायच्या, झाकली मूठ सव्वा लाखाची. मास्तरांनी कॅप धुवायला उचलली आणि परत खाली ठेवली. त्यांना स्वतःची मनापासून लाज वाटली.

बायको चहा घेऊन आली, तिला त्यांनी कॅप दाखवली. तिने पदराने कपाळ पुसलं आणि म्हणाली, "भावोजींना हाकललंत. आता स्वतःला हाकलणार का?"

"फोन लाव," मास्तर म्हणाले.

"मी नाही लावणार. बोटं तुमची, चूक तुमची."

त्यांनी हात पुसले आणि भावाला फोन लावला. पलीकडे ग्राइंडरचा आवाज होता, तो बंद झाला.

"मी बोलतोय," मास्तर म्हणाले. "माझंच जुनं इंजिन आलंय. तीनची कॅप चारला. मी लावलेली."

आता भाऊ फोन ठेवणार, असं मास्तरांना वाटलं.

"क्रँक वाचला का, दादा?"

मास्तरांनी क्रँकवरून बोट फिरवलं. "चरे पडलेत. घासून एक साइज बारीक केला तर वाचेल."

"घासू नकोस," भाऊ म्हणाला. "मी येईपर्यंत हात लावू नकोस त्याला."