सोनकळीचा सफेदा

आमच्या गावच्या नाट्यमंडळाकडं नाटक एकच आहे. चैत्रातल्या जत्रेला दरसाल तेच. पण तालमी महिना-दीड महिना चालतात, आणि नाटक सगळ्यांना पाठ असल्यामुळं तालमीत नाटक सोडून बाकी सगळं होतं. नाटकात एक नवी ओळ पडत नाही, किस्से मात्र दरसाल वाढतात. मी पॉलिटेक्निक अर्धवट सोडून घरी बसलो तेव्हा मंडळानं "रिकामाच हाय, मोबाईलबी चांगला हाय" एवढ्या पात्रतेवर मला दिग्दर्शक केलं. यंदाचं सगळं मी जवळून बघितलं, म्हणून सांगतो.

नाटकाची गोष्ट सोपी आहे. सोनकळी नावाची राजकन्या. इतकी गोरी, की ती आली की महालात दिवा लागत नाही. राक्षस तिला पळवतो, राजपुत्र सोडवतो. त्याच्या आधी स्वयंवर. त्यात राजा म्हणतो, "माझी सोनकळी आली. दिवे विझवा." लगेच स्टेजवरचे सगळे लाइट बंद. समोर फक्त एक झिरो बल्ब. त्यात सफेदा फासलेलं राजकन्येचं तोंड चमकतं आणि पब्लिक मांडव डोक्यावर घेतं. बल्बच्या आधी हेच गॅसबत्ती बारीक करून करायचे.

०

आमचा राजा म्हणजे रावसाहेब काका. पंचवीस एकराचे मालक, त्यामुळं सिंहासनावर बसायची सवय आधीपासूनच.

एक दिवस तालमीला आले ते तापलेलेच. मोबाईल माझ्या नाकासमोर धरला. परदेशात कुठल्यातरी जुन्या गोष्टीचा नवा सिनेमा निघाला होता आणि त्यातली परी काळी केली होती.

"हे बघ. परी हाय ही. परी! उद्या काहीबी दाखवतील."

मी विचारलं, "काका, मूळ गोष्ट वाचली का तुमी?"

"न्हाई."

"जुना सिनेमा बघितला?"

"मी कशाला बघू लेकरांचा सिनेमा?"

"मग नवा?"

"त्यो तर मी बिलकुल बघणार न्हाई."

न वाचलेल्या गोष्टीच्या न बघितलेल्या सिनेमावर काका पुढं तासभर बोलले. मधे दोनदा डोळ्यांत पाणी आलं.

०

आता खरी सोनकळी कोण, ते सांगतो. श्रीपती आबा. आज मंडळाचे अध्यक्ष. मिशी काढून त्यांनी उभी हयात सोनकळी केली. आणि आबा रंगानं असे, की शेतात दुपारी आंब्याखाली बसले तर हाक मारूनच सापडतात.

याच्या उलट आमचा राक्षस. मारुती मामा गावातला सगळ्यात गोरा माणूस. त्यांना डोक्यापासून पायापर्यंत काजळी फासावी लागते. म्हणजे गावातला काळा माणूस गोरी राजकन्या आणि गोरा माणूस काळा राक्षस. ह्याला आमच्याकडं परंपरा म्हणतात.

एका साली मानवतहून आणलेला सफेदा तोंडालाच संपला. हात राहिले. आबा स्टेजवर गेले तर मागून कुणीतरी ओरडलं, "सोनकळे, तोंड तुझंय, हात कुणाचे आणले?" दुसऱ्या साली आबांनी पांढरे हातमोजे घातले. तेव्हापासून सोनकळीला हातमोजे.

यंदा मी म्हणालो, हातमोजे काढून टाकू. रावसाहेब काका उभेच राहिले. "मूळ गोष्टीत हायेत ते."

आबा शेजारीच बसले होते. तंबाखू मळत राहिले.

०

चार-पाच वर्षांपूर्वी आबांचे गुडघे गेले आणि बायांचं काम बायाच करायला लागल्या. सोनकळीला कधी सरपंचांची भाची, कधी मास्तरांची मुलगी. अभिनयाच्या नावानं शून्य, पण गोऱ्या.

आणि राक्षसाच्या जोडीची राक्षसीण कायम सुनीता. ऊसतोडीला जाणारं घर तिचं. निम्मं वर्ष फडात, मग जत्रेच्या तोंडावर गावात. आवाज असा, की माईक बंद पडला तरी शेवटच्या रांगेतलं लेकरू दचकतं. शाळेच्या गॅदरिंगमध्येही ती पहिलीपासून राक्षसीणच. एकदा फक्त बदल म्हणून तिला ढग केलं होतं.

मी तिला विचारलं, "सोनकळी करतीस का?"

तिनं माझ्याकडं निरखून बघितलं. "चेष्टा करायलास का?"

"न्हाई."

"तोंडाला काही लावणार न्हाई मी. लावायचं असंल तर आपली राक्षसीणच बरी."

०

मग मंडळाची बैठक. तिथं माझी जी धुलाई झाली ती सांगायलाच पाहिजे.

मी लय अभ्यास करून गेलो होतो. म्हणालो, आपल्या ग्रामदैवताची मूर्ती काळ्या पाषाणाची. तिच्यापुढं रोज लोटांगण घालता, मग राजकन्या काळी का चालत नाही?

रावसाहेब काका शांतपणे म्हणाले, "देवाचं येगळं. देवाचं लग्न जमवायचं न्हाई."

सगळे हसले. मीही हसलो, ह्याचा माझा राग आजही गेलेला नाही.

"शिक्षण पुरं करता आलं न्हाई," काका पुढं म्हणाले, "आता गोष्ट सुधारायला निघालाय. आन मी काय म्हणू स्टेजवर? त्या पोरीकडं बघून 'दिवे विझवा' म्हणलं तर पब्लिक हसंल. मला हसतील त्याचं काही न्हाई. तिला हसतील."

ह्या माणसाचा संताप येतो तो ह्याच्यामुळं. मधेच असं काहीतरी खरं बोलून जातो.

आबा एवढंच म्हणाले, "करू द्या."

०

जिंकल्यावर माझ्या अंगात आलं. मी सगळं नाटकच नीट करायला घेतलं. राक्षसाच्या एंट्रीला 'काळाकुट्ट, अक्राळविक्राळ' असं होतं, ते काढून 'दिसायला वेगळा' केलं.

मारुती मामा आपली पिठाची गिरणी बंद करून माझ्या घरी आले.

"काऊन रं? माझी टाळी कापलीस."

"मामा, कुणाच्या रंगावरून बोलू नये."

"मी गोरा हाय येड्या. मला बोलू दे की." मग ओट्यावर बसले. "दिसायला येगळा म्हणल्यावर पब्लिकला वाटंल, हा पाहुणाच आलाय. चहा विचारतील मला."

'अक्राळविक्राळ' परत घेतलं. 'काळाकुट्ट' बाहेर ठेवलं. मामा अजून धड बोलत नाहीत.

०

खरी अडचण निघाली सुनीताच्याच घरी. जत्रेला जिंतूरचे पाहुणे येणार होते, तिला बघायला. तिची माय सफेद्याचा डबा घेऊन तालमीला आली. म्हणजे विरोध सगळ्या गावाचा आणि डबा आला तो आमच्याच बाजूनं.

"लाव गं माय. एका रात्रीचा तर सवाल हाय. पाहुणे समोर बसणारेत."

सुनीता म्हणाली, "आन लग्नानंतर रोज कोण लावून देणार? तू येणारेस का नांदायला?"

मायनं डबा पदराखाली घेतला. मग हळू आवाजात म्हणाली, "मागचे दोघं बघून काय म्हणून परत गेले, माहीत हाय न तुला?"

"माहीत हाय. म्हणूनच."

रावसाहेब काकांनी तडजोड काढली. "बरं, सफेदा नको तर नको. हातमोजे तरी घाल." सुनीतानं मुकाट्यानं हातमोजे घेतले आणि मारुती मामांना दिले. यंदा आमचा राक्षस पांढरे हातमोजे घालून आला. परंपरा वाचली.

०

आबांच्या बायकोला आम्ही काकू म्हणतो. तालमीचा चहा त्याच पाठवतात. एक दिवस कपबशा न्यायला गेलो तर त्यांनी आपणहून आबांचं सांगितलं.

"तरणे होते तवा नाटक झाल्यावर तोंड धुवायचे न्हाईत. तसंच झोपायचे. सकाळी तसंच शेतात. लोकं हसायचे. मी म्हणायची, अवं धुवा की, कातडं सोलायलंय. तर म्हणायचे, राहू दे. वर्षातून एकदाच बघतेत लोकं माझ्याकडं."

मी कपबशा उचलून निघालो.

०

जत्रेचा दिवस. मांडव भरलेला. जिंतूरचे पाहुणे तिसऱ्या रांगेत, त्यांच्यामागं सुनीताची माय, पदर तोंडात धरून. मी विंगेत लाइटच्या बोर्डावर. आबा माझ्या शेजारी खुर्चीत.

पडद्यामागं सुनीतानं मला सांगितलं होतं, "झिरो बल्बबी बंद ठेव."

"काहीच दिसणार न्हाई मग."

"तू बंद ठेव."

स्वयंवर आलं. सुनीता स्टेजवर आली, तोंडाला काही नाही, केसांत फुलं. रावसाहेब काकांनी तिच्याकडं बघितलं. "माझी सोनकळी आली," इथपर्यंत बोलले आणि थांबले. पब्लिक थांबलं. काका वाक्य खाणार, असं मला वाटलं.

मग त्यांनी घसा साफ केला आणि आजवर कधी म्हणाले नव्हते एवढ्या हळू म्हणाले, "दिवे विझवा."

मी सगळं बंद केलं. मिट्ट अंधार. पाठीमागून आवाज आला, "आता शोधा राजकन्या!" हशा पिकला. तिसऱ्या रांगेत कुणीतरी हसलं तेही ऐकू आलं.

त्या अंधारात सुनीता बोलली.

"ज्याला माझं तोंड बघायचंय, त्यानं आधी माझं ऐकावं."

हे वाक्य नाटकात पहिल्यापासून आहे. मी घातलेलं नाही. आबांच्या काळापासून ते तिथंच होतं, टाळ्यांत कुणाला कधी ऐकूच आलं नव्हतं. पुढचं सगळं स्वगत ती तशीच बोलली. हसणं कधी थांबलं ते कळलं नाही. पाळणेवाल्याची पिपाणी तेवढी लांबून वाजत होती.

स्वगत संपलं. कुणी टाळी वाजवेना, कुणी हलेना. राजानं आता 'दिवे लावा' म्हणायचं होतं. राजा म्हणेना. मी बटणावर बोट ठेवलं आणि कुजबुजलो, "आबा, लावू का लाइट?"

अंधारातच आबांनी माझा हात बोर्डावरून बाजूला केला.

"थांब की," ते म्हणाले. "दिसायलीय."