ओंजळीचा फोटो

हे मी कोणालाच सांगितलेलं नाय. लेकींना नाय, सोयऱ्याधायऱ्यांना नाय. दोघांनाच माहीत होतं — एक माझी बायको शेवंता, ती आता नाय. दुसरा सोमा, तो कधी बोलला नाय. मी चौथी शिकलेला माणूस, अक्षर कोंबडीच्या पायासारखं. तरी स्वतःच लिहितोय. दुसऱ्याला सांगून लिहून घेतलं तर मधेच काहीतरी गाळीन — ओळखतो मी मला.

टोकावड्याच्या अलीकडे आमचं गाव. तरुण मंडळाच्या खोलीत एक फोटो आहे, आलात तर दिसेल. भात कापलेल्या शेतात कबड्डीचं मैदान. खेळाडू रांगेने वाकून ओंजळ धरून उभे, आणि तांब्याने पाणी ओतणारा मी. खाली लिहिलंय, ‘खेळात भेदाभेद नाही’. वीस वर्षं होत आली. त्या फोटोवर मी नारळ घेतले, शाली घेतल्या. दर सामन्याला मला पुढच्या खुर्चीत बसवतात. आबांनी, म्हणजे मी, सुरुवात केली म्हणतात.

आबांनी काय केलं, ते ऐका.

त्या वर्षी आमच्या संघात सोमा होता, कातकरवाडीचा. असा चढाईवाला मी पुन्हा बघितला नाय. शहापूरकडचा संघ आला होता. त्यांचे तिघं-तिघं अंगावर पडायचे आणि हा त्यांना ओढत नेऊन रेघेला हात लावायचा. गाव नाचत होतं. माझ्याकडे काम मैदानाला चुन्याची फक्की मारायचं आणि पाण्याचं. एक पिंप, चार स्टीलचे गलास, एक तांब्या. वाडीवरच्या माणसाला गलास द्यायचा नाय, वरून ओतायचं — हे मला कोणी शिकवलं नव्हतं. असलं काय शिकवावं लागतं?

हाफटाईमला सगळे पाण्याला आले. सोमाने गलास उचलला, पिंपाकडे वळला. आणि मी — लिहितो एकदाचं — मी तो गलास त्याच्या हातातून ओढला. “ओंजळ धर रं,” म्हटलं. सगळ्या मैदानासमोर. ज्याच्या नावाने गाव आत्ता ओरडत होतं तो खाली बघायला लागला. धरली त्याने ओंजळ.

शेवंता बायकांत बसली होती, ती उठली. फक्कीची रेघ तुडवत सरळ आली. सोमाच्या शेजारी उभी राहिली आणि ओंजळ पुढे केली.

“मला पण वरून वता.”

“येडी झालीस काय? घरी हो.”

“अवो, मांडीला मिठी मारून पकडत्यात त्याला, तवा कोण बाटत नाय. गलास तेवढा बाटतो काय?”

कोणीतरी फिसकन हसलं. मग आमचा कप्तान आला. हातातला गलास पिंपाच्या झाकणावर पालथा घातला आणि सोमाच्या दुसऱ्या बाजूला ओंजळ धरून उभा राहिला. मग दुसरा, तिसरा. मग — आजही खरं वाटत नाय — शहापूरवाल्यांचा अख्खा संघ. सोमाने ज्यांना अर्धा तास माती चारली होती, ते. कोणी भाषण केलं नाय. नुसते वाकून उभे. पंचाने दोनदा शिट्टी मारली, कोण हललं नाय. मी काय करणार? ओतत गेलो. मान वर न करता ओतत गेलो.

तेवढ्यात एका पेपरवाल्याने फोटो काढला. नंतर येऊन विचारलं, “पहिलं कोणाला सुचलं हो?”

मी म्हटलं — मला.

एवढा एकच शब्द. पेपरात तेच छापून आलं, आणि मी गलास ओढला तो सगळ्यांनी सारखं प्यावं म्हणूनच, असं गावाने धरलं. शेवंता हातभर अंतरावर होती, सोमा तिच्या मागे. तिने माझ्याकडे बघितलं, बोलली नाय. घरी येताना बांधावर मात्र म्हणाली, “बरं झालं. आता तुमाला तसंच वागाया लागंल.”

आणि लागलं की! ओटीवर वाडीवाल्यांसाठी एक कानतुटका कप असायचा. तो तिने दुसऱ्या दिवशी उकिरड्यावर टाकला. मी काय बोलणार? फोटोतला माणूस बोलेल कसा? वाडीवरची माणसं ओटीवरून आत आली, चुलीपाशी बसून चहा प्यायला लागली. मनातून नाय, फोटोच्या धाकाने मी सरळ वागलो. पुढे कधीतरी धाक लागेनासा झाला. पण ते काम तिचं. माझं नाय.

माघात ती गेली. दहाव्याला सोमा आला — आता तोच मंडळाच्या पोरापोरींना कबड्डी शिकवतो. मी त्याला पाण्याचा गलास दिला. त्याने तो खाली ठेवला, वाकला, ओंजळ धरली.

“आबा, आज काकीसाठी असंच पितो. वता.”

मी तांब्या उचलला आणि वरून ओतलं.

“इतकी वर्सं गप का राहिलास रं?”

“काकी गप, मंग मी कशाला बोलू? म्हटलं, तुमीच बोलाल कवातरी. लय टाइम लावलात आबा.”

आणि हसला. रागाने नाय. तसा कोणी माझ्याकडे बघून हसल्याला किती दिवस झाले होते!

उद्या हा कागद त्याच्या हातात देणार, फोटोखाली लावायला. शालींचं काय करायचं ते मंडळ बघेल, पुढची खुर्ची पण. लिहिताना लाज वाटेल असं वाटलं होतं. वाटली. पण ती गेल्यापासून आज पहिल्यांदा भाकरीला चव लागली, दोन खाल्ल्या.

एक राहिलं. फोटोत डाव्या कडेला, सोमाच्या ओंजळीला लागून, आणखी दोन हात आहेत. तोंड कापलं गेलंय, हात तेवढे आलेत — हिरव्या बांगड्यांचे. हे कोणाचे म्हणून लोक विचारायचे. मी म्हणायचो, असेल कोणीतरी.

ती शेवंता. आपणहून धरलेली पहिली ओंजळ तिची.