बुरुजाची गळती मी थांबवली

बुरुजाच्या भिंतीला पोट आलं होतं. वरून सोडलेला ओळंबा चांगली चार बोटं अंतर दाखवत होता. भिंत मधेच बाहेर फुगली की गवंडी म्हणतात, पोट आलं. पोट मलाही आलंय, पण माझ्याखालून गडावरच्या देवीची वाट जात नाही. या बुरुजाच्या खालून जात होती. नवरात्र आठ दिवसांवर होतं आणि गावातल्या बायका ओटी घेऊन त्याच वाटेने चढणार होत्या.

मी स्ट्रक्चरल इंजिनीअर. सीबीडी बेलापूरला ऑफिस. काम ऑडिटचं, म्हणजे बिल्डिंगमध्ये किती दम उरलाय ते तपासून सांगायचं. कोपरखैरण्यातल्या निम्म्या सोसायट्यांचे संडास मी आतून पाहिलेत. या धंद्यात एकच शत्रू असतो, पाणी. ओल दिसली की सील करा. झोपेत विचारलंत तरी मी हेच सांगेन.

एवढ्या भांडवलावर मी खाडीकाठच्या टेकडीवरचा एक पडका किल्ला ऑडिटला घेतला. डागडुजी करणाऱ्या ट्रस्टला इंजिनीअरची सही हवी होती आणि मला बायोडेटात किल्ला हवा होता. जानेवारीत मी गॉगल लावून गड चढले, दर वळणावर थांबून ‘व्ह्यू’ बघितला (दम लागला होता), आणि सोसायटीचाच छापील फॉर्म काढला. ‘लिफ्ट’पुढे लिहिलं, लागू नाही. ‘टेरेस’पुढे लिहिलं, गवत. ‘लीकेज’पुढे मात्र मी फुलले. बुरुजाच्या तळाशी, सारख्या अंतरावर, वीतभर रुंदीची चौदा भोकं होती. खाली शेवाळाचे ओघळ. मी लिहिलं: दगड निसटून भोकं पडली आहेत, सिमेंटने बुजवावीत, सांधेही भरून घ्यावेत.

काम नामदेवकाकांकडे होतं. पायथ्याच्या गावातले आगरी गवंडी, सत्तरीचे, दगडावर हात ठेवून बोलणारे.

“बाय, यातून पानी भायेर येतं. बुजवू नको.”

“काका, पाणी बाहेर येतं म्हणूनच तर बुजवायचं!”

त्यांनी दगडावरचा हात काढून घेतला. मग म्हणाले, “तू शिकलेली हाय.” तेव्हा मला ते कौतुक वाटलं होतं.

चौदा भोकं एकसारख्या अंतरावर कशी निसटतील, हा प्रश्न शाळेतल्या पोरालाही पडला असता. मला तो पडला पावसाळा संपत आल्यावर, ओळंबा हातात धरून. बुरुज म्हणजे बाहेर दगडी भिंत आणि आत मातीची भर. पावसाचं पाणी वरून मातीत मुरतं आणि तळाच्या भोकांतून निघून जातं. बांधणाऱ्यांनी ती मुद्दाम ठेवली होती. मी ती बंद केली. पाणी आत साठलं, माती फुगली आणि भिंतीला रेटायला लागली. चारपाचशे पावसाळे उभा राहिलेला बुरुज माझ्या एका पावसाळ्यात वाकला.

तेवढ्यात ट्रस्टच्या सेक्रेटरींचा, साळवीसाहेबांचा फोन.

“मॅडम, पोट आलंय म्हणे?”

“आलंय.”

“मग लिहून टाका ना, गवंड्याचं काम निकृष्ट. तुम्ही सुटाल, आम्हीपण सुटू. म्हातारा माणूस, त्याला काय फरक पडतो?”

खोटं कशाला बोलू? मी ते वाक्य मनात लिहूनसुद्धा पाहिलं. ‘वर्कमॅनशिप’ हा शब्द आमच्याकडे फार सोयीचा असतो. काका चार हातांवर वाट बघत उभे होते. त्यांना फोनवरचं सगळं ऐकू गेलं होतं, कारण साळवीसाहेब फोनवर गाव गोळा केल्यासारखे बोलतात.

काका एवढंच म्हणाले, “माझ्या बापानं या गडाचा निसटलेला दगड बसवलाय बाय. माझ्या नावावर पडका बुरुज नको टाकू.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. “काका, चूक माझी आहे,” मी म्हणाले. “तुम्ही सांगितलं होतंत. आता काय करू या?”

“आता इचारतेस?” असं म्हणून ते छिन्नी आणायला गेले.

आधी वाट दोर लावून बंद केली. मग पोटाच्या समोर कोणी न जाता, कडेच्या बाजूने, एकेक भोक फोडायला घेतलं. भिंतीला पडलेल्या चिरेवर मी काचेच्या पट्ट्या चिकटवल्या. भिंत आणखी हलली तर काच तडकते, एवढं साधं असतं ते. पहिल्या दोन भोकांतून लगेच काहीच आलं नाही. तिसऱ्यातून चहाच्या रंगाचं पाणी उडालं ते थेट माझ्या ड्रेसवर. काका खो खो हसले. माझ्या डोळ्यांत पाणी होतं, ते त्यांना दिसलं नसावं.

संध्याकाळपर्यंत चौदाही भोकं वाहत होती. पुढचे चार दिवस मी रोज गड चढले. एकही काच तडकली नाही. पोट मागे गेलं नाही, पण वाढायचं थांबलं. ते पावसाळ्यानंतर उतरवून पुन्हा बांधायचं ठरलं. घटस्थापनेला बायका मागच्या लांबच्या वाटेने चढल्या. मीही दोराशी उभी होते. लांबच्या चढावरून मला बोलायचं एकीनेही सोडलं नाही. सगळ्या सुखरूप वर पोचत होत्या, म्हणून मी मुकाट्याने ऐकून घेतलं.

रिपोर्टात मी लिहिलं: कारण, चुकीचा सल्ला. सल्लागार, मी स्वतः. गवंड्याने आधीच सावध केलं होतं.

साळवीसाहेब म्हणाले, “मॅडम, असं कोणी स्वतःच लिहितं का?”

ट्रस्टने मला काढलं. काकांना ठेवलं. दोन्ही निर्णय बरोबर होते. मी त्यातून शिकले ते इतकंच की आपला फॉर्म घेऊन दुसऱ्याच्या किल्ल्यावर जाऊ नये, आणि गेलंच तर गॉगल काढून बघावं.

महिन्याभराने काकांचा फोन आला.

“बाय, तुझ्या जागी नवीन साहेब आलाय. तो पन भोका बुजवायला सांगतो. माजा ऐकत नाय. तू बोल त्याच्याशी.”

“मी काय बोलू, काका?”

“तू काय केलंस, ते सांग.”

मी सांगितलं. त्याने भोकं तशीच ठेवली.