हात प्रभाकरचा, तोंड हिरोचं

मंत्र्यांची भाषणं दुसऱ्या दिवशी आठवत नाहीत, प्रभाकरचे किस्से मात्र साचतच जातात. कारंज्याच्या स्टँडवर आम्ही वार्ताहर चहाला टेकलो, की एक तरी निघतोच. प्रभाकर आसेगावचा, शंकरपटात बैलजोडी पळवणारा. धनजजवळ सिनेमाचं शूटिंग आलं आणि पटाच्या शर्यतीपुरता तो हिरोचा डुप्लिकेट झाला.

दिग्दर्शकाने त्याची नुसती अंगलट पाहिली. म्हणाला, “चेहऱ्याचं काम नाही.”

प्रभाकर म्हणाला, “सोयरीक पाहाले आलेले असं म्हनले असते, त माहं लगन कवाच झालं असतं!”

*

हिरो आणि प्रभाकर, दोघांची बंडी सारखी, धोतर सारखं. एकदा असिस्टंटने पाठमोऱ्या माणसाचा दंड धरला. “ए डुप्लिकेट, उन्हात उभा राहा, लाइट बघायचाय!” वळला तर खुद्द हिरो!

प्रभाकरने आपला दुपट्टा हिरोच्या डोक्यावर टाकला. “घ्या साहेब. ऊन काई हिरो ओयखत नाही!”

*

शर्यतीच्या शूटिंगात छकडा उलटला, प्रभाकरचा हात मोडला. आणि पेपरात काय? ‘शर्यतीत हिरो जखमी’! वर हाताला पट्टी बांधलेला हसरा फोटो!

मी संपादकांना फोन लावला. “खोटं छापलंत!”

“पुरावा काय?”

“पट्टी मुंबईत आहे, प्लास्टर आसेगावात. दोन्ही सोडून बघा!”

खुलासा अजून छापून यायचाय. प्रभाकर मलाच म्हणाला, “भाऊ, कायले भांडून राह्यले? बैलाले खरचटलं बी नाही, हे छापा ना!”

असा माणूस!

*

त्याची माय मात्र एवढी सोशिक नाही. “माहा पोरगा पिक्चरमदी हाय,” असं तिने गावभर सांगितलेलं. बाया टोमणे मारायच्या, “काकू, पोस्टरवर त दुसराच दिसते!”

“पिक्चर त लागू द्या!”

पिक्चर लागला. अख्खं आसेगाव कारंज्याच्या थिएटरात. पट सुटला आणि काकू उभीच राहिली, “हा पाहा माहा प्रभ्या!” शर्यत संपली, पडद्यावरचं तोंड वळलं. हिरोचं! मागच्या बाया फिदीफिदी हसल्या. काकू खाली बसली.

खेळ संपल्यावर, पहिल्या खेळासाठी मुंबईहून आलेला हिरो स्वतः स्टेजवर आला. निवेदक गरजला, “हाच तो पटाचा बादशहा!”

काकू तडक स्टेजवर चढली. हिरो पाया पडायला वाकला. तिने त्याच्या पाठीवरून हात फिरवला, आशीर्वाद दिला आणि निवेदकाच्या हातातला माइक घेतला.

“पोरगा गुनाचा हाय. पन हा तो नव्हे. आता माह्यावाल्याले बोलवा.”