शेल्याचं शेवटचं पाणी

पवनीच्या शकुंतलाबाईंनी जन्मभर मांडीवर कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं, सूत वळलं. नवरा सुखराम मागावर बसायचा. पोरगी गुंजन रांगत होती तेव्हापासून त्याचं एकच पालुपद, "माह्या पोरीची लग्नगाठ माह्याच शेल्यानं बांधीन." शेला अर्धा झाला आणि छातीच्या दुखण्यानं तो गेला. उरलेला अर्धा बाईंनी विणला, रडतकुढत, चुकतमाकत. त्याची वीण घट्ट, बाईंची सैल. डोळे मिटून बोट फिरवलं तरी त्याचा हात कुठे थांबला ते त्यांना कळे. बाई जगत होत्या त्या तेवढ्या आधारावर.

लग्न तोंडावर आलं. मागावर पडून पडून शेला धुरकटला होता. कोसा सोड्यात उकळला की शेवटी चिंचेच्या पाण्यात बुडवायचा, म्हणजे चमकतो. आणि ते पाणी धुऊन काढायचं नाही, तसाच पिळून वाळत घालायचा, ही सासूची शिकवण. यंदा चिंचेनं चमक येईना. शेजारची चंद्रकांता संडास धुवायच्या अॅसिडची बाटली घेऊन आली. शेजारी उदार होतात ते असे, नको तिथे.

"आंबट ते आंबटच, बाई. फरशी चमकते, तं कोसा काहून नाही चमकनार?"

बाईंनी चांगली अर्धी बाटली ओतली. हात चुरचुरले. पण शेला खरंच उजळला, आणि बाई कितीतरी दिवसांनी हसल्या. रीतीप्रमाणे न धुताच त्यांनी तो उन्हात टाकला. पाणी आटत गेलं, अॅसिड मुरत गेलं. संध्याकाळी घडी घालायला उचलला, तर पापडासारखा तुकडा हातात आला.

गुंजन हे बारावीत शिकली होती. "आई, कोसा म्हनजे प्रोटीन, आपल्या केसावानी. त्याच्यात साखळ्या असते. चिंचेचं आंबट उरलेला सोडा मारते, साखळ्या एकमेकीले धरून बसते. हे अॅसिड साखळीच तोडते."

"मंग जोडता नाही येत?"

"नाही, आई. आपन बजारातून दुसरा आनू."

बाईंनी चटईवर तुकडे पसरले आणि डोळे मिटून बोट फिरवत राहिल्या. बोट टेकेल तिथे भुगा होत होता.

"तुह्या बाबाचं कोनतं अन् माह्यं कोनतं," त्या म्हणाल्या, "आता मलेही समजून नाही राहिलं."