चेहरा नसलेल्या फायली

"नाव घे, जेंगे. एकदाच," असं म्हणून मी फोन तिच्या तोंडापुढे धरला.

जेंगे अंगणातल्या मोठ्या कढईत बोरसोक तळत होती. कणकेचे तुकडे तेलात सोडायचे, फुगले की झाऱ्याने काढायचे, आणि मधेच माझ्याकडे असं बघायचं की पुढचा तुकडा मीच.

"बाजूला हो. तेल उडेल."

"उडू दे. तू नाव घे, डबा लगेच शोधून देतो."

"नाही घेणार."

"अगं, माणूस कुठे ऐकतंय? मशीन ऐकतंय."

"ऐकतंय ना? मग झालं."

जेंगे म्हणजे माझी वहिनी, बुरुलसून. आमच्याकडे कुठलीच सून सासऱ्याचं नाव घेत नाही, पण ही जरा जास्तच पक्की. माझ्या बाबांचं नाव जुमाकादिर. आणि आम्ही शुक्रवारला जुमा म्हणतो, म्हणून लग्न झाल्यापासून ही बाई शुक्रवारसुद्धा म्हणत नाही. गुरुवारच्या पाठचा दिवस म्हणते. दवाखान्यात डॉक्टरने विचारलं परत कधी याल, तर म्हणे गुरुवारच्या पाठच्या दिवशी. डॉक्टर इथलाच. त्याने मुकाट शुक्रवार लिहिला.

दिराचंही नाव नाही घ्यायचं, त्याला नवं नाव ठेवायचं. ती नवरी म्हणून आली त्या दिवशी मी कोपऱ्यात बसून तोंडापुढे पुस्तक धरलं होतं. पुस्तकामागे मी पाहुण्यांसाठी ठेवलेले जर्दाळू खात होतो. तिला वाटलं, पोरगं अभ्यासू. तिने माझं नाव ठेवलं मुल्ला. पुढे मी आठवीतून शाळा सोडली, पण नाव काही सुटलं नाही. आता सगळं गाव मला मुल्ला म्हणतं, आणि म्हणताना हसतं. कुबात हे माझं खरं नाव आता फक्त पोलिसांना माहीत आहे.

आई लवकर गेली. भाऊ तालाय रशियात ट्रक चालवतो. म्हणजे मला वाढवलं कोणी, तर जेंगेने. गावात कोणी तिला वाकडं बोललं तर मी भांडतो. एकदा चुकीच्या माणसाशी भांडलो, दोन दात गेले. त्याचं मला काही वाटत नाही. पण तिला कामाला लावतो, डोक्याला ताप देतो, तो मीच.

तर झालं होतं असं. दुसऱ्या दिवशी बेगायिमचा दोरा कापायचा होता. बेगायिम माझी पुतणी, नुकतीच पाऊल टाकायला लागलेली. मूल चालायला लागलं की त्याच्या दोन्ही पायांना मिळून काळा-पांढरा दोरा बांधतात, गावची पोरं पळत येतात, पहिला येईल तो दोरा कापतो. मग घरातला थोरला आशीर्वाद देतो. आमच्या घरातले थोरले बाबा, आणि बाबा तर बेगायिम जन्मायच्या आधीच गेले. पण आपण तोवर जगत नाही हे त्यांना कळलं होतं. म्हणून त्यांनी जेंगेच्या पोटातल्या बाळाला दोऱ्याचा आशीर्वाद आधीच देऊन ठेवला. जेंगेने तो फोनवर घेतला. बेगायिमला आजोबा म्हणून मिळणार होता तो तेवढाच.

आणि तो माझ्या डब्यात होता. आणि सापडत नव्हता.

डब्याचं सांगतो. कोचकोरच्या बाजारात माझं फोनदुरुस्तीचं दुकान आहे. काचा बदलायच्या, बॅटऱ्या बदलायच्या, म्हाताऱ्यांना नातवंडांचे फोटो मोठे करून द्यायचे. राजधानीत, बिश्केकला गेलो तेव्हा एकाने मला हा डबा दाखवला. विटेएवढा, पांढरा, पुढे निळा दिवा. घरातले सगळे फोटो, व्हिडिओ, कागद त्यात टाकायचे, मग जगात कुठूनही फोनवर उघडायचे. वर त्यातलं सॉफ्टवेअर एवढं हुशार की चेहरा ओळखतं, बोललेलं नाव ऐकून शोधतं, आणि खराब शॉट स्वतःच बाजूला काढतं. मी एक दुकानात ठेवला आणि एक घरी आणला. गिऱ्हाइकाला देतो ते सगळं भाषण जेंगेला उभं राहून दिलं. ती लोकर पिंजत होती. भाषण संपल्यावर म्हणाली, "ह्याला खायला काय लागतं?"

"वीज."

"मग हा मोठ्या घरचा."

तोपर्यंत घरातलं सगळं ती तिच्या पद्धतीने ठेवायची. फोनचं कार्ड भरलं की काढायचं, नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या छोट्या थैलीत घालून तोंड शिवायचं, आणि थैली खोगिराशेजारच्या खुंटीवर टांगायची. प्रत्येक थैलीवर वेगळी नक्षी. मेंढ्याच्या शिंगाची थोरल्यांची, म्हणजे बाबांची, पक्ष्याच्या पंखाची तालायची, कारण तो लांब असतो. माझ्या थैलीवर कुत्र्याची शेपटी होती. काय हवं ते सांगा, ती अंधारात हात घालून काढून द्यायची. मी हसलो होतो. म्हणालो, "जेंगे, हे ताईत आहेत की फायली?"

मग मी सगळ्या थैल्या उसवल्या. कार्डं डब्यात रिकामी केली, पुसली आणि दुकानात विकायला ठेवली. गेलीसुद्धा. वर कव्हर फुकट दिलं मी.

जेंगेने डब्यावर भरतकामाचं फडकं घातलं, कारण घरात उघडं-बोडकं काही असलेलं तिला चालत नाही. डबा एवढा तापला की त्याच्यावर दही लागलं असतं. मी फडकं काढायचो, ती घालायची. मी काढायचो, ती घालायची. शेवटी मी डब्याला मधे भोक असलेलं फडकं आणून दिलं. आमच्या घरात एवढीच तडजोड माझ्याकडून झाली असेल.

आता बोरसोकच्या कढईपाशी तिच्याकडून वदवायचा नाद सोडून मी स्वतःच फोनमध्ये म्हणालो, "जुमाकादिर." जेंगेने पटकन मान फिरवली. डब्याने दोन फोटो शोधून दिले. एक पासपोर्टचा. दुसरा कोणाच्यातरी लग्नातला, त्यात बाबा अर्धे पाठमोरे.

"एवढेच?" असं म्हणत इसाक आबा जवळ आले. इसाक आबा बाबांचे धाकटे भाऊ. बोरसोक थंड व्हायच्या आत उचलायला ते कुठूनही उगवतात. "माझा भाऊ एवढं जगला आणि तुझ्या डब्यात दोनदाच आला?"

"आबा, सापडेल. जेंगे, तू वर्णन कर. नाव नको घेऊस. काय दिसत होतं ते सांग."

जेंगेने हात पुसले, स्कार्फ सारखा केला आणि फोनला अदबीने म्हणाली, "आमच्या घरातले मोठे, जे करड्या घोड्यावर बसायचे."

डब्याने घोडे दाखवले. करडे, काळे, शेजाऱ्याचं लंगडं शिंगरू, एक गाढव.

"गाढव बरोबर ओळखलं," आबा म्हणाले, "पण हे डबा विकणारं आहे, घोड्यावर बसणारं नाही."

"आबा, तारखेने बघू."

तारखेने बघितलं. सगळ्या व्हिडिओंवर एकच तारीख, मी डब्यात भरले त्या दिवसाची. त्या एका दिवसात आमच्याकडे चार हिवाळे, तीन लग्नं आणि बर्फात अडकलेली जीप असं सगळं झालं होतं. तालाय त्यात दोनदा रशियाला जाऊन आला.

मी आबांना म्हणालो, "नाहीच सापडलं तर तुम्ही द्या ना आशीर्वाद. तुमचाही चालेल."

आबांनी खात असलेला बोरसोक खाली ठेवला. ते असं कधी करत नाहीत. "थोरल्याने दिलेला आहे. त्याच्यावर मी माझा ठेवू? उद्या तो नसेल तर दोराही कापू नका. पोरगी बांधलेल्या पायांनी वाढू दे, आणि विचारलं तर सांगा, मुल्ला काकाने केलं."

जेंगेने झारा खाली ठेवला. तिने बेगायिमला उचललं आणि आत गेली. ती मला शिव्या देते तेव्हा मला बरं वाटतं. गप्प बसली की माझे हात चालत नाहीत. मी उंबऱ्यात बसून डब्याच्या सगळ्या खोल्या उघडत, बंद करत बसलो. दुकानात गिऱ्हाईक हे करत असतं तेव्हा मी त्याला म्हणतो, काका, द्या इकडे, तुम्हाला नाही कळायचं.

थोड्या वेळाने ती बाहेर आली. "मुल्ला, खराब माल हा बाजूला काढतो म्हणालास ना?"

"हो. हलले असतील, अंधारे असतील, ज्यात माणूस नसेल असे."

"काढून कुठे टाकतो?"

"पेटी आहे कचऱ्याची. महिना झाला की आपोआप रिकामी होते."

"लोकर पिंजताना खाली जाडीभरडी पडते, ती मी टाकते का?"

"नाही."

"मग उघड ती पेटी."

मी उघडली. डबा आणून महिना व्हायलाच आला होता.

पेटीत हातच हात होते. चहाचा वाडगा धरलेले हात. मांडीवर ठेवलेले हात. वादी वळणारे हात. टोपीची कड. करड्या घोड्याचा एक कान. चहाचं पाणी तापवायचा पितळी समोवार. कोटाचं तिसरं बटण. हुशार सॉफ्टवेअरला एकाही शॉटमध्ये माणूस दिसला नव्हता, म्हणून त्याने सगळे कचऱ्यात टाकले होते. मी एकावर बोट ठेवलं आणि बाबा खोकले. तो खोकला मी कुठेही ओळखेन. खोकून ते म्हणाले, "चालू झालं का गं, बाळा?" आणि फोनमागून जेंगेचा हळू आवाज, "हो."

मी जेंगेकडे बघितलं. ती उभी राहिली होती. स्कार्फ पुढे ओढून, मान खाली घालून, बाबा खोलीत आल्यावर राहायची तशी.

मग कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. सून सासऱ्याच्या तोंडाकडे बघत नाही. हे मला माहीत नव्हतं का? रोज बघत होतो. पण तिच्या हातातला फोनसुद्धा त्यांच्या तोंडाकडे बघणार नाही, हे ह्या मुल्लाला सुचलं नाही. आणि चेहरा ओळखणारा डबा मी विकत कोणासाठी आणला, तर तिच्यासाठी.

"जेंगे, इतक्या वर्षांत एकदाही वर नाही केलास फोन?"

"कशाला? आवाज येत होता की." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आता कढई बघ. बोरसोक जळतायत, आणि तू रडतोयस."

मी रडत नव्हतो. धूर होता. तिने तो मान्य केला नाही.

दुसऱ्या दिवशी अंगणात गालिचा टाकला, बेगायिमला उभं केलं, दोरा बांधला. पोरं ओढ्यापासून पळत आली. शेजारच्या चोल्पोनायने सगळ्या मुलग्यांना मागे टाकलं, दोरा कापला आणि बक्षीस मिळालेला स्वेटर अंगात घालूनच उभी राहिली. मग मी भिंतीवरच्या चादरीवर व्हिडिओ लावला. दुकानातला मोठा स्पीकर आणला होता. चादरीवर माणसाएवढे दोन हात, मागे समोवार. कोणी हसलं नाही. आबांनी टोपी सरळ केली.

बाबा म्हणाले, "पोरगा असशील नाहीतर पोरगी असशील, पाय तुझे असतील. वाट तुझ्यापुढे पळो, तू तिच्यामागे. पडशील तिथे गवत असो. दाराबाहेर जाशील तरी दार तुझं राहो." मग एकदा खोकून, "आणि तुझ्या काकाला, त्या मुल्लाला, अक्कल येवो. ओमीन."

सगळ्यांनी ओंजळ तोंडावरून फिरवली. सगळ्या अंगणाने माझ्या अकलेसाठी ओमीन म्हटलं. काही जण दोनदा म्हणाले. बेगायिम तेवढ्यात तीन पावलं चालली आणि आबांच्या मांडीवर पडली.

मी पेटीतलं सगळं परत डब्यात घेतलं आणि कचऱ्याची पेटी कायमची बंद केली. जेंगेने नवी थैली शिवली, मी एका कार्डावर ते सगळं उतरवून दिलं, आणि शिंगाची नक्षी परत खुंटीवर गेली. डबा पण आहे. भोकाच्या फडक्यासकट.

वसंतात डब्याला नवं सॉफ्टवेअर आलं. एका दुपारी दुकानात माझ्या फोनवर त्याने विचारलं, हा माणूस कोण? खाली एक चेहरा, वाटाण्याएवढा, गाल फुगलेले, टोपी वाकडी. पुढच्या व्हिडिओतही तोच. त्याच्या पुढच्यातही. मी मोठा करून बघितला. समोवाराच्या पोटात बाबा होते. हात पुढे, समोवार मागे, आणि त्याच्या चकचकीत पितळेत बोलणारे बाबा, जवळजवळ प्रत्येक शॉटमध्ये. मी नाव टाकलं. डब्याने एका दमात सगळे बाबा समोर आणून ठेवले.

संध्याकाळी जेंगेला दाखवलं. ती म्हणाली, "समोवार घासलेला असला की बरं दिसतं," आणि गाय बांधायला गेली. मला वाटलं, योगायोग असेल.

तालाय उन्हाळ्यात घरी आला तेव्हा सहज बोलता बोलता म्हणाला, बाबांच्या त्या शेवटच्या हिवाळ्यात त्याने फोन केला की ती बऱ्याचदा घाईत ठेवून द्यायची. म्हणायची, नंतर बोलू, थोरले काहीतरी सांगणार आहेत, मला आधी समोवार राखेने घासायचाय.